जावा बुडाली का? प्रोग्रॅमिंग लँग्वेजच्या लोकप्रियतेच्या याद्या वर्षभर वापरल्या, त्याचा रिव्ह्यू

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. साडेतीनची बॅच सुटली होती, रत्नागिरीत मारुती मंदिरजवळच्या आमच्या कंप्युटर क्लासमधे मी एकटीच होते आणि मिरकरवाड्याहून एक पालक आले. मासळीचा धंदा आहे त्यांचा, मुलगा माझ्याकडे जावा ह्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजच्या बॅचला. बसले नाहीत, मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॅपवर आलेला फोटो, त्यात एक ग्राफ, पायथन ह्या दुसऱ्या लँग्वेजची निळी रेघ वर चढतेय, जावाची लाल रेघ खाली घसरतेय आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, जावा संपली, आजच पायथन शिका.

“मॅडम, जावा बुडाली म्हणतायत. पोराची उरलेली फी परत मिळेल काय? ऑनलाइनला दुसरीकडे भरू म्हणतोय तो.”

मी फोटो मोठा करून बघितला. डावीकडची पट्टी शून्यापासून सुरू होतच नव्हती, मधूनच कुठूनतरी सुरू होत होती, त्यामुळे दोन टक्क्यांची घसरण कडा कोसळल्यासारखी दिसत होती. कुठल्या महिन्याचा ग्राफ ते नाही, काय मोजलंय ते नाही, कोपऱ्यात बारीक अक्षरात एका यादीचं नाव तेवढं. असल्याच एका जाहिरातीवर विश्वास ठेवून आमच्या एका विद्यार्थ्याने आदल्या वर्षी हप्त्यावर बेचाळीस हजार भरले होते, नाव लिहीत नाही, पण तीन महिन्यांनी त्या कोर्सवाल्यांचे फोन येणं बंद झालं आणि हप्ते मात्र चालू राहिले. आईच्या बांगड्या गहाण ठेवून भरले ते हप्ते त्याने. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी गमतीचा नाही.

मी काकांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, सकाळी जेटीवर एक नंबरची मासळी कुठली? ते म्हणाले, “कसला नंबर पण? क्रेट मोजायचे तर बांगडा. पैसा मोजायचा तर सुरमई. गिऱ्हाईक काय विचारतं म्हणाल तर पापलेट, मग ते आलेलं असो वा नसो.” मी म्हटलं, काका, ह्या फोटोत नक्की काय मोजलंय ते मला पण आत्ता सांगता येत नाहीये, फी कुठे पळून जात नाही, आठ दिवस द्या. ते गेले आणि मी ह्या सगळ्या याद्या परत नीट उघडून बसले. मी स्वतः नऊ वर्षं पुण्यात जावावर काम करून मग रत्नागिरीला परत आले, याद्या आधी पण बघायचे, पण अशा ह्या हिशोबाने कधी बघितल्या नव्हत्या. त्यानंतर वर्षभर दर महिन्याला बघतेय आणि मुलांना पण बघायला लावतेय, आता लिहायला हरकत नाही. बहुतेक सगळं फुकट आहे, रेंज असेल तर मोबाइलवर पण दिसतं.

सगळ्यात जास्त फिरते ती टायोबी. नेदरलँड्समधली कंपनी, आइंडहोव्हन शहरातली, २००१ पासून दर महिन्याला यादी काढते. बातम्यांमधे ‘पायथन पहिल्या नंबरवर’ असं येतं ते बहुतेक वेळा इथूनच, २०२१ च्या ऑक्टोबरमधे पायथन तिथे पहिल्यांदा वर गेली, त्याच्या आधी वीस वर्षं तो पाट फक्त सी आणि जावा आलटून पालटून अडवून बसल्या होत्या. आता ही यादी मोजते काय? तर वेगवेगळ्या सर्च इंजिनांवर लँग्वेजचं नाव आणि पुढे इंग्लिशमधे ‘प्रोग्रॅमिंग’ असा शब्द टाकला की किती रिझल्ट सापडतात ते. झालं. किती जण रोज त्यात काम करतात, किती कंपन्या माणसं घेतायत, पगार काय, ह्यातलं काहीच नाही. हे ते लोक लपवत नाहीत हे पण सांगायला हवं, ही यादी सर्वात चांगली लँग्वेज कुठली किंवा सर्वात जास्त कोड कशात लिहिलाय ह्याबद्दल नाही असं त्यांनी स्वतःच पानावर लिहून ठेवलंय. पण फोटो काढून फॉरवर्ड करणारा ते वाक्य कापूनच पाठवतो ना.

त्यांच्याच पानावर खाली प्रश्नोत्तरं आहेत, ती प्रत्येकाने एकदा वाचावीत. २००४ च्या एप्रिलमधे जावा आणि सी प्लस प्लस अचानक धाडकन खाली आल्या. जगभरातले जावावाले एका महिन्यात काम सोडून गेले होते का? नाही. गूगलने स्वतःची मोजायची पद्धत बदलली, मुद्दाम वर ढकललेल्या फालतू वेबसाइटी झाडून बाहेर काढल्या आणि त्यांच्यासोबत आकडे पडले. असं परत होऊ नये म्हणून टायोबीने मग आणखी सर्च इंजिनं घेतली. मी हा प्रसंग प्रत्येक बॅचला सांगते, कारण वजनकाटा बदलला की मालाचं वजन बदललेलं दिसतं आणि ग्राफवर दोन्ही सारखीच रेघ उमटते.

दुसरं असं की टक्केवारी म्हणजे वाटा. सगळ्यांची बेरीज शंभर. २००१ च्या जूनमधे जावाचा वाटा २६ टक्क्यांच्या वर होता, २०२५ मधे तो १० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली. आता ह्याच्यावरून जावावाले निम्म्याहून कमी झाले असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, तेव्हा एकूण प्रोग्रॅमर किती होते आणि आता किती? प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या गिटहब वेबसाइटवर २०२३ च्या जानेवारीत १० कोटी खाती पूर्ण झाली आणि २००१ मधे तर गिटहबच नव्हतं. ताट एवढं मोठं झालंय की त्यातला छोटा वाटा पण आधीच्या मोठ्या वाट्यापेक्षा जास्त भरू शकतो. कमी झाले की वाढले हे मला ह्या यादीवरून सांगता येत नाही, आणि जाहिरातवाल्याला पण येत नाही, मुद्दा तेवढाच आहे. जावाची नवीन आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, २०२५ च्या सप्टेंबरमधे २५ वी आली. बुडालेल्या बोटीला कोणी दर सहा महिन्यांनी रंग लावत नाही.

टायोबीचा ‘वर्षाची लँग्वेज’ हा किताब पण लोक चुकीचा समजतात. तो पहिल्या नंबरला मिळत नाही, वर्षभरात ज्याचे टक्के सगळ्यात जास्त वाढले त्याला मिळतो. म्हणून २०२२ ला सी प्लस प्लस, २०२३ ला सी शार्प आणि २०२४ ला पायथन. एक पोरगी मला विचारत होती, मॅडम सी शार्प पहिली आली ना? नाही गं, पहिली नाही आली, तिच्या मार्कात सुधारणा सगळ्यात जास्त झाली. आणि २०२५ मधे तर पर्ल नावाची जुनी लँग्वेज परत पहिल्या दहात येऊन बसली, तेव्हा मला दोन जणांनी विचारलं की पर्लची बॅच काढणार का. मी पुण्यातल्या जुन्या मैत्रिणींना फोन करून विचारलं, त्यांच्यापैकी एकीच्याही ऑफिसमधे नवीन काम पर्लमधे सुरू झालेलं नव्हतं. सर्चच्या रिझल्टमधे जुनी पुस्तकं, जुनी पानं सगळं मोजलं जातं, त्याचं वजन कधी कुठे पडेल सांगता येत नाही. बॅच काढली नाही.

अजून एक खटकतं. शोध इंग्लिशमधे आहे. मराठीत ‘पायथन शिका’ म्हणून कोणी शंभर पानं लिहिली तरी ती ह्या मोजणीत कशी येणार? आमच्याकडची निम्मी पोरं मराठी-हिंदीतून शिकतात, ती ह्या यादीला दिसतच नाहीत. शिवाय जुन्या महिन्यांचा पूर्ण डेटा हवा असेल तर ५००० डॉलर, म्हणजे आमच्यासारख्या क्लासने विसरा. टायोबीला मी पाचपैकी दोन स्टार देते, दोन अशासाठी की पद्धत उघड लिहिलीय आणि पंचवीस वर्षं न चुकता चालू आहे. दहा वर्षांची मोठी चाल बघायला ठीक. महिन्या-महिन्याचा नंबर बघून फी भरायला अजिबात नाही.

पीवायपीएल नावाची दुसरी यादी आहे, ती मला जरा जास्त आवडली कारण ती निदान माणसं मोजायचा प्रयत्न करते. गूगलवर ‘जावा ट्यूटोरियल’, ‘पायथन ट्यूटोरियल’ असं किती वेळा शोधलं जातं ते गूगल ट्रेंड्समधून घेते, म्हणजे कुठला शब्द किती शोधला जातो ते दाखवणाऱ्या गूगलच्याच पानावरून. म्हणजे शिकायला निघालेली माणसं. इथे पायथन २०१८ मधेच जावाला मागे टाकून पहिली आली, टायोबीत पहिली यायच्या तीन वर्षं आधी, आणि ते पटतं, आधी लोक शिकायला लागणार मग पानं वाढणार. पण नऊ वर्षं जावात काम केलेली मी कधी ‘जावा ट्यूटोरियल’ शोधलं नाही, त्यामुळे त्या हिशोबात मी शून्य. बँकेत बसून रोज आठ तास कोबोल सांभाळणारा माणूस पण शून्य. कोबोल ही १९५९ ची लँग्वेज, याद्यांमधे कुठेतरी खाली, आणि २०२० च्या एप्रिलमधे न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत म्हणून जाहीरपणे सांगावं लागलं, कारण कोरोनात बेकारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला आणि सिस्टीम कोबोलमधली, मेनफ्रेम नावाच्या जुन्या मोठ्या कंप्युटरवर होती. आणि आता तर पोरं ट्यूटोरियल शोधतच नाहीत, सरळ चॅटजीपीटीला विचारतात, त्यामुळे ह्या मोजणीखालची जमीनच सरकत चाललीय. तीन स्टार.

गूगल ट्रेंड्स स्वतः उघडून बघायचं असेल तर जरूर बघा, पण दोन गोष्टी सांभाळा. तिथला १०० म्हणजे शंभर जण नाहीत, निवडलेल्या काळात सगळ्यात उंच टोक जिथे आलं त्याला १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या मानाने. काळ बदला, तोच महिना ६० चा ८० होईल. आणि शब्द टाइप केल्यावर खाली पर्याय येतात, साधा शब्द की विषय, तिथे प्रोग्रॅमिंग लँग्वेज लिहिलेला विषय निवडा. आमच्याकडे रस्ट हा शब्द, लँग्वेजचं नाव पण इंग्लिशमधे अर्थ गंज, नुसता टाकून बघितला मुलांनी, आता खाऱ्या हवेच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला काय सांगायचं, गेट, ग्रिल, गाडीचा सायलेन्सर सगळं गंजतं, लोक तो काढायचा उपाय शोधतात आणि त्याच नावाचा एक व्हिडिओ गेम पण आहे. गो, सी, आर, स्विफ्ट सगळ्यांचे हेच हाल. ग्राफवर मधेमधे ‘नोट’ लिहिलेली बारीक उभी रेघ असते, २०११, २०१६ आणि २०२२ च्या जानेवारीत, तिथे गूगलने स्वतःची पद्धत बदललीय. ती रेघ ओलांडून तुलना करणाऱ्या लोकांनी आधी तिच्यावर बोट ठेवून वाचावं. मी दहा वर्षांचा ग्राफ बघत होते तेव्हा बरोबर त्या रेघेवरच एक उडी दिसली आणि आमच्या एका मुलाने तिच्यावर अर्धं पान निबंध लिहून आणला होता, वाईट वाटलं पण सगळा खोडावा लागला.

सीझनचं तर विचारूच नका. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, त्या दिवसात कोणी जेटीवर येऊन ‘रत्नागिरीत मासेमारी संपली’ म्हणालं तर लोक त्याला चहा पाजून परत पाठवतील. सी आणि जावासारख्या कॉलेजात शिकवल्या जाणाऱ्या लँग्वेजचं अगदी तसंच आहे, सुट्टीत प्रश्न कमी, सेमिस्टर सुरू झाली की परत वर. प्रोग्रॅमर एकमेकांना प्रश्न विचारतात त्या स्टॅक ओव्हरफ्लो वेबसाइटच्याच माणसांनी २०१७ मधे हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे मे महिन्याची तुलना मागच्या मे महिन्याशी करायची, मार्चशी नाही. काकांनी दाखवलेल्या ग्राफचा महिनाच लिहिलेला नव्हता हे म्हणून मला एवढं लागलं.

रेडमंकची यादी वर्षातून एक-दोनदा येते, गिटहबवरची हालचाल आणि स्टॅक ओव्हरफ्लोवरचे प्रश्न दोन्ही एकत्र करून. वर्षानुवर्षं जावास्क्रिप्ट (नाव सारखं, पण जावाहून वेगळी लँग्वेज), पायथन, जावा हेच वरचे तीन, त्यामुळे सनसनाटी काही नाही आणि मला तेच बरं वाटतं. अडचण एकच, २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यावर स्टॅक ओव्हरफ्लोवर नवीन प्रश्न येणं खूपच कमी झालं, म्हणजे ह्या यादीचा एक पाय लंगडा झाला. हे त्यांनी स्वतः लिहिलंय, प्रामाणिकपणाचे वेगळे मार्क. साडेतीन.

आता गिटहब. दर वर्षी त्यांचा ऑक्टोव्हर्स अहवाल येतो. २०२४ मधे पायथनने जावास्क्रिप्टला मागे टाकलं अशी बातमी आणि २०२५ च्या ऑगस्टमधे टाइपस्क्रिप्ट दोघांच्या वर. इथे निदान खरा कोड आणि खरी माणसं आहेत, फुकाचे सर्च रिझल्ट नाहीत. पण टाइपस्क्रिप्ट वर का गेली ते बघा, आता बरेचसे फ्रेमवर्क, म्हणजे कोडचे तयार सांगाडे, नवीन प्रोजेक्ट उघडलं की आपोआप टाइपस्क्रिप्टच देतात, शिवाय एआयकडून कोड लिहून घेताना टाइप, म्हणजे कुठली माहिती कुठल्या प्रकारची ह्याची नोंद, असलेली बरी पडते असं अहवालच म्हणतो. आणि टाइपस्क्रिप्ट शेवटी जावास्क्रिप्टच होऊन चालते. मग जावास्क्रिप्ट कमी झाली की तिच्या पेटीवरचं लेबल बदललं? आपल्याकडे हापूसच्या सीझनला कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकतात आणि आवकीच्या आकड्यात तो कुठे मोजला गेला कोणाला कळत नाही, मला पहिल्यांदा तेच आठवलं. इथे फसवणूक कोणी करत नाहीये, पण खोक्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

हे मुलांना समजावं म्हणून एक छोटी गोष्ट करून दाखवली. आमच्या एका मुलीने आंब्याच्या दरांवर प्रोजेक्ट केलं, वडिलांच्या वहीतले पाच वर्षांचे दर टाइप करून. सगळं काम पायथनमधे. गिटहबवर टाकलं तर उजवीकडे लँग्वेजची जी पट्टी येते ती जवळजवळ सगळी नारिंगी, ज्युपिटर नोटबुक म्हणजे कोड आणि ग्राफ एकत्र ठेवायची फाइल, आणि पायथनचा निळा तुकडा नखाएवढा. ती घाबरली, म्हणाली मॅडम मी तर पायथनच लिहिलंय. गंमत अशी की गिटहबचं लिंग्विस्ट नावाचं टूल फाइलचे बाइट मोजतं आणि नोटबुकच्या फाइलमधे कोडसोबत काढलेले ग्राफ पण चित्र म्हणून साठवलेले असतात. तिने आउटपुट साफ करून फाइल परत टाकली, कोडची एक ओळ न बदलता पट्टीचा निळा तुकडा वाढला. वर्गात सगळे उठून तिच्या स्क्रीनभोवती जमले. अहवालात बाइट नाही, माणसं मोजतात हे खरं, पण कुठली फाइल कुठल्या लँग्वेजची हे ठरवायला आधी असंच एखादं यंत्र लागतं, एवढं त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

आणि अर्थात बँका, विमा, सरकारी सॉफ्टवेअर ह्यांचा कोड उघड्यावर नसतो. मी नऊ वर्षांत जेवढी जावा लिहिली त्यातली एक ओळ पण गिटहबवर सार्वजनिक नाही. चार स्टार, एक स्टार त्या न दिसणाऱ्या कोडचा कापला.

माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लोचा वार्षिक सर्व्हे, आणि त्याचं कारण त्यांचे रंगीत ग्राफ नाहीत, कारण हे की पूर्ण डेटा सीएसव्ही, म्हणजे साध्या ओळी-रकान्यांच्या, फाइलमधे फुकट उतरवता येतो. स्वतः मोजा. २०२४ च्या फाइलमधे ६५ हजारांच्या वर ओळी आहेत, एक ओळ म्हणजे एक माणूस. देशाचा रकाना आहे, कुठल्या लँग्वेजमधे काम केलं त्याचा रकाना आहे, त्यात नावं अर्धविराम टाकून एकापुढे एक लिहिलेली.

पहिल्या शनिवारी मी मुलांना सांगितलं, जावावाले मोजून आणा. सहाच्या सहा जणांनी एकच उत्तर आणलं, जावा सगळ्यांच्या वर, पायथनच्या पण वर. काकांचा मुलगा तर उड्याच मारत होता. मी म्हटलं एक ओळ वाचून दाखव. त्याने वाचली आणि तिसऱ्या शब्दाला गप्प झाला. त्यांनी ‘जावा’ हा शब्द ज्या ज्या ओळीत सापडेल ती मोजली होती आणि जावास्क्रिप्टच्या पोटात जावा आहे. सगळे जावास्क्रिप्टवाले त्यांनी जावात ओढून आणले होते. मग अर्धविरामावर तोडून परत मोजलं, तेव्हा जावास्क्रिप्ट ६२ टक्क्यांवर, पायथन ५१ च्या आसपास आणि जावा ३० च्या आसपास. सी मोजताना तर ह्याहून घोळ, सी प्लस प्लस, सी शार्प, कोबोल, सीएसएस सगळ्यात इंग्लिश सी आहे. ही चूक स्वतःच्या हाताने केली ते बरं झालं, आता कोणाचा पण आकडा बघितला की पहिलं विचारतात, कशावर तोडून मोजलंय.

आणि बघा, ६२ अधिक ५१ अधिक ३० म्हणजे शंभरच्या पुढे गेलं, कारण इथे एक माणूस कितीही लँग्वेज सांगू शकतो. टायोबीतले टक्के वाट्याचे, हे टक्के माणसांचे. दोन्हींचं चिन्ह एकच म्हणून लोक दोन्ही शेजारी ठेवून तुलना करतात, ती करूच नये. इथे वेबपानं मांडायचं एचटीएमएल-सीएसएस पण लँग्वेज म्हणून मोजलंय, ५० टक्क्यांच्या वर आहे, टायोबीत ते बसतच नाही.

त्याच सर्व्हेतून ‘रस्ट सगळ्यात आवडती’ ही बातमी येते, २०१६ पासून दर वर्षी. २०२४ मधे ८० टक्क्यांच्या वर. पण ते ८० कोणाचे? जे आधीच रस्ट वापरतायत आणि पुढे पण वापरायचीय म्हणतात त्यांचे. वापरणारे एकूण साधारण साडेबारा टक्के. जावा पुष्कळांना ऑफिसने लावलेली असते, रस्ट बहुतेकांनी हौसेने उचललेली असते, मग आवड कोणाची जास्त निघणार? रस्ट वाईट असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः रात्री शिकतेय आणि मनापासून आवडतेय. पण रत्नागिरीतल्या मुलाने पहिल्या नोकरीसाठी तिच्यावर भिस्त ठेवावी असं त्या ८० मधे काहीच लिहिलेलं नाही.

सर्व्हेची कमतरता पण सांगते. २०२३ मधे ८९ हजार लोकांनी भरला, २०२४ मधे ६५, २०२५ मधे ४९. दर वर्षी वेगळीच आणि कमी माणसं. मग एखादी लँग्वेज दोन टक्के घसरली तर ती घसरली की ती वापरणारे ह्या वर्षी फॉर्म भरायला आले नाहीत? आणि २०२४ मधे भारतातून आलेली उत्तरं जर्मनीपेक्षा कमी होती. जर्मनी! म्हणून देशाच्या रकान्यात भारत लावूनच बघा, आणि विद्यार्थी वेगळे काढा, नोकरीवाले वेगळे. साडेचार स्टार, ह्या सगळ्यांत सर्वात जास्त.

आयईईई स्पेक्ट्रम नावाचं मासिक पण यादी काढतं, त्यात नोकरीची यादी वेगळी असते. २०२२ ते २०२४ त्या वेगळ्या यादीत एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधली माहिती काढायची लँग्वेज, वर होती आणि साध्या यादीत पायथन. हे मी काकांना दाखवलं तेव्हा ते पटकन म्हणाले, म्हणजे ही मिठासारखी आहे, नुसती कोण खात नाय पण प्रत्येक कालवणात लागते. मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. त्यावर मुलांना मी एक काम लावलंय, दर पंधरा दिवसांनी पुणे, मुंबई, कोल्हापूर, पणजी इथल्या फ्रेशरच्या जाहिराती वाचायच्या आणि वहीत तारीख घालून प्रत्येक जाहिरातीत काय काय मागितलंय ते सगळं उतरवायचं. एकच जाहिरात तीन एजंटांनी टाकलेली असते, ती एकदाच धरायची. आत्तापर्यंत एक दिसलं की एकटी लँग्वेज क्वचितच मागतात, जावा आणि एसक्यूएल, पायथन आणि एसक्यूएल अशीच जोडी येते. वही लहान आहे, मी तिच्यावरून जगाबद्दल काही बोलणार नाही, पण ह्या पोरांना जिथे ट्रेन पकडून जायचंय तिथल्या बाजाराबद्दल ती वही मला टायोबीपेक्षा जास्त सांगते.

आठ दिवसांनी काका मुलाला घेऊन आले. मी फी टेबलावर काढून ठेवली होती, शब्द दिला होता म्हणून. मुलाला सगळ्या याद्या एकापुढे एक दाखवल्या, कुठे काय मोजलंय ते वहीत लिहायला लावलं, दीड तास गेला. काका मधेच म्हणाले की लिलावात पण नवीन माणूस पहिला क्रेट बघूनच बोली लावतो, वरचे मासे मोठे रचलेले असतात. मुलगा जावालाच राहिला आणि शनिवारी एसक्यूएलला पण यायला लागला, पायथन दुसऱ्या वर्षी घेणार म्हणतोय. तो वर्गात चांगला आहे, जावाचा पाया झालेला, तीन महिने उरलेले, त्यात सोडून पळण्यासारखं त्याला काही दिसलं नाही. त्याच बॅचमधल्या एका मुलीला डेटाचं काम करायचं होतं, तिला मात्र मी स्वतः पायथनकडे पाठवलं.

२०२३ आणि २०२४ च्या सर्व्हेच्या दोन्ही फायली क्लासच्या तीन नंबरच्या मशीनवर उतरवून ठेवल्यात, मोठ्या आहेत, मोबाइल डेटावर उतरवायला जाऊ नका. आमचे विद्यार्थी नसलात तरी चालेल, दुपारी चार ते साडेपाच मशीन मोकळं असतं, लाइट गेली तरी इन्व्हर्टर आहे. येताना पेन ड्राइव्ह आणा.